आग्या, खाजकुइली आणि "तुला ॲलर्जी दिसतेय"

रानभूल
ट्रेकच्या ग्रुपवर दर मोसमात हा वाद होतोच, म्हणून म्हटलं एकदाचं नीट लिहून टाकावं. कोणाच्या तरी पोटरीला आग्या (टोचरं रानझाड) घासतो, दोन मिनिटांत आग आग, टपोऱ्या गांधी उठतात, आणि लगेच कोणीतरी शहाणा म्हणतो "तुला ॲलर्जी दिसतेय, टेस्ट करून घे". माझं म्हणणं एवढंच आहे की आग्या लागून आग होणं ही ॲलर्जी नाही. झाडाने इंजेक्शन दिलंय तुम्हाला. ज्याला टोचेल त्याला होणार, पहिल्यांदा टोचलं तरी होणार. ॲलर्जी म्हणजे आपली प्रतिकारशक्ती एखाद्या गोष्टीला उगाच शत्रू ठरवून बसते ती भानगड, तीही रानझाडांमुळे होते पण बहुतेक वेळा वेगळ्या झाडांमुळे आणि वेगळ्या वेळापत्रकाने.

आता इंजेक्शन हे मी उगाच म्हणत नाहीये. नेटलच्या कुळातलं कुठलंही टोचरं पान (आपल्याकडे आग्या म्हणतात त्यातली बरीचशी याच कुळातली) भिंगाखाली धरून बघा, हात न लावता. पानाच्या शिरांवर आणि देठावर साधी मऊ लव असतेच, पण तिच्यामधून उभे राहिलेले एखाद-दोन मिलिमीटरचे लांब पारदर्शक केस दिसतात. बुडाशी फुगीर, वर निमुळते होत गेलेले आणि अगदी टोकाला एक बारीकशी गोळी. त्या टोकात सिलिका असते, म्हणजे काचच म्हणा. जरा धक्का लागला की गोळी तिरकी तुटते, मागे राहते ती तिरप्या कापाची पोकळ सुई, ती कातडीत घुसते आणि बुडाचा फुगा दाबला जाऊन आतला रस आत सोडला जातो. १६६५ च्या सुमारास रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःलाच नेटल टोचवून हा रस वर चढताना पाहिला होता, हौसेला मोल नाही म्हणतात ते उगाच नाही.

रसात हिस्टामिन, ॲसिटाइलकोलीन आणि सेरोटोनिन असतं. यातलं हिस्टामिन म्हणजे तेच जे अंगावर पित्त उठतं तेव्हा आपल्याच शरीरातल्या पेशी सोडतात. म्हणून आग्याच्या गांधी आणि पित्ताच्या गांधी दिसायला सारख्या असतात आणि गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. पित्तात हिस्टामिन आतून येतं, इथे ते बाहेरून भरलं जातं.

कोणाकोणाला काय काय लागलंय ते लिहा, झाडाचं वर्णन किंवा फोटो असेल तर अजून छान, कारण आग्या या एका नावाखाली दोन-चार वेगळी झाडं खपतात.

टणटणी
छान धागा. पण शाळेत तर फॉर्मिक ॲसिड शिकवलं होतं की, मुंगीत असतं तेच. ते कुठे गेलं?

रानभूल
@टणटणी, असतं ना, पण इतकं थोडं की एवढी आग त्याने एकट्याने होणं कठीण. जुन्या पुस्तकातून नव्या पुस्तकात उतरत आलंय ते. हिस्टामिन आणि ॲसिटाइलकोलीन १९४७ मध्येच सापडली होती आणि नंतर २००६ च्या सुमारास एका अभ्यासात असं दिसलं की जी दुखरी चुणचुण तासन् तास रेंगाळते तिच्यात ऑक्झॅलिक आणि टार्टारिक ॲसिडचा हात असावा. तरी सगळा हिशोब अजून लागलेला नाही.

खडूस_आजोबा
एवढं केमिस्ट्री कशाला. घट्ट मुठीत धरलं की आग्या टोचत नाही, आम्ही लहानपणी पैजेवर धरायचो. तुमची पिढी हळूच बोट लावते आणि मग बोंबलते.

रानभूल
आजोबा :) त्यात तथ्य आहे थोडं. केस वरच्या दिशेला झुकलेले असतात, खालून वर हात फिरवला किंवा एकदम घट्ट आवळलं तर बरेचसे आडवे होऊन मोडतात, सुई होऊन घुसत नाहीत. शिवाय तळहाताची कातडी जाड. पण तोच पाला मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पैज जिंका बरं.

पाचोळा
मला जे लागलं होतं ते आग्या नव्हतं, वेलावरच्या शेंगा होत्या, तपकिरी मखमली, S सारख्या वळलेल्या. हातही लावला नव्हता, फक्त खालून गेलो वारा होता, आणि मान, हात, शर्टाच्या आत सगळीकडे अशी खाज की विचारू नका. आग नव्हती गांधी पण फारशा नव्हत्या, नुसती वेड लावणारी खाज. सेट्रिझिन (पित्ताची, हिस्टामिन अडवणारी गोळी) घेतली तर झोप आली, खाज तशीच. ही मात्र ॲलर्जीच असणार ना? औषध पण लागू पडलं नाही म्हणजे जोरदार असेल.

शेवाळ
@पाचोळा ही खाजकुइली, आणि ही सुद्धा ॲलर्जी नाही. उलट सेट्रिझिनने फरक पडला नाही हाच पुरावा आहे. (त्वचारोग विभागात काम करते, पण इथे गप्पा मारायला आलेय, कोणाचं निदान करायला नाही हे आधीच सांगते.)

खाजकुइलीच्या शेंगेवरची मखमल म्हणजे हजारो सुटी कुसं. शेंग वाळली की ती नुसत्या वाऱ्याने उडतात. कुसात म्युक्युनेन नावाचं एन्झाइम असतं, प्रथिनं तोडणारं. ते कातडीतल्या खाजेच्या नसांवरचे ठरावीक रिसेप्टर सरळ चालू करतं. हिस्टामिनचा इथे मुख्य रोल नाही, मग हिस्टामिन अडवणारी गोळी काय अडवणार? खाजेचे दोन वेगळे मार्ग आहेत हे समजायला याच शेंगेची फार मदत झाली, संशोधक अजूनही मुद्दाम ही कुसं माणसाच्या हातावर टोचून खाजेचा अभ्यास करतात. एक्झिमाची जुनाट खाज साध्या पित्ताच्या गोळीने का जात नाही याचं उत्तर बरंचसं या दुसऱ्या मार्गात आहे.

आणि गंमत म्हणजे याच वेलाच्या बियांमध्ये एल-डोपा असतं, पार्किन्सनच्या औषधातलं. म्हणून बिया मिळवायला जाणाऱ्यांना कुसं भोवतात.

पाचोळा
अरे वा. मी दोन दिवस खाजवत बसलो होतो. काय करायला हवं होतं मग?

शेवाळ
खाजवायचं नाही हे पहिलं, सांगायला सोपं आहे माहितीये. खाजवलं की कुसं अजून आत जातात आणि बोटांवरून दुसरीकडे पसरतात. ओल्या फडक्याने पुसूही नका, तेही चोळणंच झालं. चिकटपट्टी लावायची आणि ओढून काढायची, लावायची आणि ओढायची, दर वेळी नवा तुकडा. मग भरपूर पाणी आणि साबण. कपडे तिथेच काढून उलटे गुंडाळून वेगळे धुवायचे, कारण शर्टाच्या शिवणीत कुसं राहतात आणि पुढच्या आठवड्यात परत हजर. नंतर थंड पट्टी, कॅलामाइन.

हाच चिकटपट्टीचा उपाय आग्यालाही चालतो. तिथे सुईची टोकं कातडीत राहतात म्हणून कितीतरी वेळ, कधीकधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, तिथे पाणी लागलं की चुणचुणतं. आग्याला गोळीने थोडा फरक पडू शकतो, पण बहुतेक वेळा गोळी काम करायच्या आत गांधी आपोआपच बसलेल्या असतात, म्हणून गोळीचं कौतुक होतं.

उंबराचं_फूल
आमच्याकडे एक पाला चोळतात त्यावर, लगेच थांबतं. निसर्गात विषाच्या शेजारीच उतारा असतो.

रानभूल
@उंबराचं_फूल, इंग्लंडात पण नेटलवर डॉक नावाच्या झाडाचं पान चोळतात, तिकडेही लोक हेच म्हणतात. गार ओलसर काहीही लावलं की बरं वाटतंच, आणि त्याच वेळात गांधी आपणहून उतरणारच असतात. उतारा शेजारी उगवतो कारण दोघांना तसलीच खतावलेली, उकरलेली ओलसर जमीन आवडते, झाडांनी आपला विचार वगैरे काही केलेला नाही. ठेवायचं तर पान हलकेच ठेवा, चोळू नका एवढंच.

गवतफुला
इथे माझा अनुभव धाग्याच्या उलट आहे म्हणून लिहितेय. मला एका रानातून आल्यावर काहीच झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पण नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हातावर लाल रेघा, त्यावर बारीक फोड, लस यायला लागली, मग दोन-तीन दिवसांनी पोटावर पण आलं जिथे झाड लागायचा प्रश्नच नाही. सगळे म्हणाले फोडातलं पाणी लागून पसरतंय, म्हणून मी हात बांधून बसले होते. आग अजिबात नव्हती सुरुवातीला. हे इंजेक्शनवालं कसं असेल?

शेवाळ
@गवतफुला हे बरोब्बर दुसऱ्या खान्यातलं, ही खरी ॲलर्जी वाटतेय. झाड टोचरं नसतं, बिचाऱ्याला काटा नाही कुसं नाही, फक्त चीक किंवा तेल कातडीला लागतं. आपल्याकडचा बिब्बा, अमेरिकेतली पॉयझन आयव्ही, ही एकाच आंबा-काजूच्या कुळातली मंडळी, सगळ्यांत उरुशिऑल किंवा त्याच्या जवळची तेलं असतात. हे तेल कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं आणि टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) त्या जोडगोळीला परकं समजतात. पहिल्या वेळी बहुधा काहीच दिसत नाही, शरीर नुसतं शिकून ठेवतं, त्यालाच दहा-पंधरा दिवस लागतात. पुढच्या वेळी मात्र साधारण एक ते तीन दिवसांत पुरळ. म्हणून लोक म्हणतात "मी तर कितीदा हात लावलाय, मला काही होत नाही" आणि मग एक दिवस होतं. त्यात बिब्ब्याचा ताजा चीक जास्त लागला तर ॲलर्जी नसतानाही कातडी भाजते, म्हणजे एकाच झाडाचे दोन्ही प्रकार.

फोडातल्या पाण्याने पसरत नाही. तेल जिथे जास्त लागलं तिथे आधी उठतं, जिथे थोडं लागलं किंवा कातडी जाड आहे तिथे उशिरा, त्यामुळे पसरल्यासारखं दिसतं. नाहीतर मग नखात, बुटाच्या नाडीवर, काठीच्या मुठीवर, कोयत्यावर तेल राहिलेलं असतं आणि आपण परत परत लावून घेतो. ते सुकून महिनोन् महिने टिकतं.

पोटावर आलं ना? हात कुठे कुठे लावला आठवा.

गवतफुला
पँटचं बक्कल... बरोबर आहे.

खडूस_आजोबा
मग जाळून टाकावीत ही सगळी झाडं.

शेवाळ
आजोबा, ही सगळ्यात वाईट आयडिया. तेल धुराबरोबर उडतं, श्वासात गेलं तर फुफ्फुसाला त्रास होतो, त्यासाठी लोकांना ॲडमिट करावं लागलेलं आहे.

टणटणी
म्हणजे वेळेवरून ओळखायचं? मिनिटांत झालं तर टोचणं आणि दिवसांनी झालं तर ॲलर्जी?

शेवाळ
पहिला अंदाज म्हणून हो, चांगला आहे. पण दोन घोळ आहेत.

एक, मिनिटांत होणारी ॲलर्जी पण असते, आयजीई (रक्तातली एक अँटीबॉडी) वाली. काहींना एखाद्या झाडाच्या रसाने हात लागल्या लागल्या गांधी उठतात जिथे बाकीच्यांना काहीच होत नाही. बाकीच्यांना काहीच होत नाही हा इथे कळीचा मुद्दा. आणि या प्रकारात अंगभर जाऊ शकतं. गांधी लागलेल्या जागेपासून लांब उठल्या, ओठ-जीभ-डोळे सुजले, आवाज बसला, श्वासाला घरघर, उलटी, चक्कर, यातलं काही असलं की टेप-बीप सोडा आणि थेट दवाखाना, त्याला ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, गोळीवर थांबायचं नाही. आग्याने असं होणं दुर्मीळ आहे पण अशक्य नाही.

दुसरा घोळ, उशिरा होऊनही ॲलर्जी नसलेला प्रकार. जायंट हॉगवीड नावाच्या विलायती झाडाचा किंवा लिंबाच्या जातीतला रस कातडीला लागला आणि मग ऊन लागलं की एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर काळपट डाग महिनोन् महिने राहतात. रसातली फ्युरोकुमॅरिन्स ऊन मिळालं की पेशी जाळतात. टी-पेशी नाहीत, काही नाही. खाज कमी आणि जळजळ जास्त, ओघळ गेल्यासारख्या किंवा बोटांच्या ठशांसारख्या आकाराचे डाग. तो आकार पाहिला की अर्धं निदान तिथेच होतं.

दगडफूल
माझ्या मेव्हण्याला गाजरगवताचा त्रास आहे, इतकी वर्षं ऊन सहन होत नाही म्हणून टोपी घालून क्रीम लावून फिरायचा. ते पण लिहा कोणीतरी.

शेवाळ
@दगडफूल बरं झालं काढलंत, कारण खरा छळ या गवताचा आहे, आग्याचा तर फार तर एखाद्या दिवसाचा खेळ. गाजरगवत टोचत नाही, चटकाही देत नाही. त्यात पार्थेनिन असतं, आणि वाळलेल्या गवताचा भुगा, केस, परागकण हवेतून येऊन उघड्या अंगावर बसतात. वर्षानुवर्षं त्यात काम करणाऱ्याला एक दिवस ॲलर्जी सुरू होते आणि मग ती सहसा जात नाही. चेहरा, मान, कोपराच्या आतली घडी, कातडी जाड आणि काळपट होते. उघड्या भागावर येतं म्हणून सगळे उन्हाला दोष देतात. फरक बघायची एक जागा सांगते: पापण्या, कानामागचा भाग आणि हनुवटीच्या खालचा भाग. ऊन तिथे नीट पोचत नाही त्यामुळे उन्हाच्या ॲलर्जीत त्या जागा बऱ्यापैकी वाचतात. हवेतल्या भुग्याला मात्र सावली अडवत नाही, त्या जागा आधी पकडल्या जातात. पुढे पुढे काहींना उन्हाचाही त्रास जोडीला लागतो आणि मग गुंता होतो, तुमच्या मेव्हण्यांचं तसं आहे का ते डॉक्टरच सांगतील.

दगडफूल
त्याने रक्ताची ॲलर्जी टेस्ट केली होती, भली मोठी लिस्ट आली, धूळ, झुरळ, काय काय. गाजरगवताचं त्यात काहीच नव्हतं. मग तो म्हणाला मला ॲलर्जी नाही.

शेवाळ
ती टेस्ट आयजीईची, मिनिटांत होणाऱ्या ॲलर्जीची. उशिराच्या ॲलर्जीत आयजीईचा संबंधच नसतो, तिथे पॅच टेस्ट लागते. पाठीवर ठरावीक मात्रेचे पदार्थ पट्टीने चिकटवतात, दोन दिवस पाठ ओली करायची नाही, पट्टी काढून बघायचं आणि परत एक-दोन दिवसांनी बघायचं. किचकट आहे म्हणून लोक टाळतात आणि रक्ताच्या टेस्टवर पैसे घालवतात. चुकीच्या प्रश्नाला कितीही महागडं उत्तर आणलं तरी उपयोग काय. आणि कृपया कोणी घरी बिब्बा किंवा गाजरगवत हातावर लावून स्वतःची टेस्ट करू नका, त्यातून नवी ॲलर्जी लागू शकते.

शेवटचा_बाक
जगातलं सगळ्यात डेंजर ते ऑस्ट्रेलियातलं झाड ना? लोक वेडे होतात म्हणे.

रानभूल
जिम्पी-जिम्पी. वेडे होण्याच्या गोष्टी सांगोवांगीच्या असतात पण दुखणं खरं आहे, आठवडे, कधी महिने. नेटलच्याच कुळातलं आहे, हृदयाच्या आकाराचं मोठं मऊ दिसणारं पान. २०२० मध्ये क्वीन्सलँडच्या संशोधकांनी त्यात छोटी प्रथिनं शोधली, त्यांना जिम्पिटाइड नाव दिलं, त्यांची घडण कोळी आणि शंखगोगलगाईच्या विषासारखी आहे. दुखण्याच्या नसेतली सोडियमची दारं ती नीट बंदच होऊ देत नाहीत. म्हणून बरं वाटल्यावरही गार पाणी लागलं की परत कळ. आणि संग्रहालयात जपून ठेवलेली कित्येक दशकांपूर्वीची वाळकी पानंसुद्धा टोचतात. त्यावर ते लोक केस काढायच्या वॅक्स स्ट्रिप वापरतात, आपल्या चिकटपट्टीचा मोठा भाऊ.

न्यूझीलंडात ओंगाओंगा म्हणून झुडूपवजा नेटल आहे, १९६१ मध्ये त्याच्या दाट झाडीतून गेलेला एक तरुण दगावल्याची नोंद आहे. तेव्हा "ॲलर्जी नाही म्हणजे किरकोळ" असा अर्थ मात्र कोणी काढू नका. विष किती गेलं यावर आहे सगळं.

उंबराचं_फूल
पण नेटल संधिवातावर मुद्दाम झोडून घेतात त्याचं काय? ते पण खोटंच का?

रानभूल
नाही, त्याला थोडा आधार आहे. २००० च्या सुमारास ब्रिटनमध्ये अंगठ्याच्या बुडाशी दुखणाऱ्या मोजक्याच लोकांवर प्रयोग झाला होता, खरं नेटल विरुद्ध न टोचणारं दिसायला तसंच पान, आणि खऱ्या नेटलने दुखणं कमी वाटलं. फार छोटा प्रयोग आहे, आणि टोचतंय की नाही हे माणसाला कळणारच, त्यामुळे मी त्यावर फार उड्या मारणार नाही.

पाचोळा
माझी शंका, नेटलच्या परागकणांनी शिंका येत असतील तर तो माणूस आग्यापासून पण जास्त जपायला हवा का?

शेवाळ
नाही, दोघांचा संबंध नाही. केसातला रस वेगळा, परागातली प्रथिनं वेगळी. नेटलच्या कुळातली परागाने छळणारी खरी नायिका म्हणजे भूमध्य समुद्राकाठची पॅरिएटारिया, आणि ती तर टोचतच नाही! मात्र ज्यांना मुळात एक्झिमा आहे, कातडी फुटलेली कोरडी आहे, त्यांना कुठलाही रस जास्त झोंबतो. आणि काहींच्या कातडीवर नुसत्या नखाने रेघ ओढली तरी गांध उठते, असे लोक आग्या लागल्यावर खाजवतात आणि खाजवल्याच्या गांधीही झाडाच्या नावावर टाकतात.

अजून एक, झाडालाच दोष देण्याआधी पानाच्या मागे बघा. केसाळ सुरवंटाचे केस लागून अगदी असंच होतं. आणि सकाळी उठल्यावर मानेवर भाजल्यासारखा पट्टा, कोपराच्या घडीत समोरासमोर दोन सारखे डाग, असं असेल तर ते झाड नव्हे तर झोपेत चिरडलेला पिडेरस किडा.

टणटणी
मुलं कँपला चाललीयत, सोबत काय देऊ मग? आणि डोळ्यात गेलं तर?

शेवाळ
लांब बाह्या, जाड पँट (पातळ ट्रॅक पँटमधून आग्या आरामात टोचतो), चिकटपट्टीचं रोल, साबण, कॅलामाइन. अंगभर रिॲक्शनचा इतिहास असलेल्या मुलाची औषधं मोठ्यांकडे आणि ती कधी द्यायची ते लिहून.

डोळ्यात कुसं किंवा शेराच्या झाडाचा चीक गेला तर चोळू न देता वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. चीक गेल्यावर सुरुवातीला बरं वाटतं आणि काही तासांनी बुबुळ सुजून नजर धूसर होते, त्यामुळे "आता ठीक आहे" असं मूल म्हणालं तरी न्यायचं.

टणटणी
धन्यवाद. टेप कुठली, साधी पारदर्शक चालेल?

पाचोळा
चालेल पण घामाने निसटते ती, कापडी घ्या.